तो परस्पर मेला म्हणून सुटलात, पण प्रश्न तिथेच आहे : मालिका लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

मालिका लिहिणाऱ्या, शेवट ठरवणाऱ्या आणि ते शेवट पास करणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार.

तुमच्यापैकी कुणालाही मी ओळखत नाही आणि तुम्ही मला ओळखायचं काही कारणही नाही, मी नुसती बघणारी आहे. पण गेली पंचवीसेक वर्षं बघतेय, मनापासून बघतेय, आणि एक गोष्ट इतकी साचलीय की आज लिहून टाकते.

सुरुवात भाच्यापासून. वय वर्षं नऊ. आम्ही दोघं मिळून द लेजंड ऑफ कोरा बघत होतो, पहिला सीझन, २०१२ चा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कोरा ही अवतार, म्हणजे पाणी माती आग हवा चारही तत्त्वं जिच्या हातात आहेत अशी मुलगी, आणि आमोन हा मुखवटा घातलेला माणूस लोकांची ती शक्ती कायमची काढून घेतो. शेवटच्या भागात आमोनचं बिंग सगळ्यांसमोर फुटतं, तो पळतो, कैदेत असलेल्या आपल्या सख्ख्या भावाला, टारलॉकला, बाहेर काढतो आणि दोघं बोटीतून समुद्रावर निघतात. टारलॉक पण काही साधा नव्हे, त्यानेही कोराला पळवून कोंडून ठेवलेलं असतं. आमोन पुढे बघत बोट चालवतोय, आपण दोघं पुन्हा पहिल्यासारखे राहू अशा आशेने बोलतोय, आणि मागे टारलॉक बोटीतला तो विजेचा झटका देणारा हातमोजा उचलतो, हातात चढवतो, इंधनाच्या टाकीचं झाकण उघडतो. आमोनच्या गालावरून एक थेंब खाली येतो. मग लांबून दिसणारा स्फोट.

सीन म्हणून हा फार मोठा आहे, लहान मुलांच्या चॅनलवर इतकं धाडस कुणी केलं याचं मला तेव्हाही कौतुक वाटलं होतं आणि आजही वाटतं. मला गलबलून आलं. भाचा थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण मावशी, कोराला तो सापडला असता तर तिने काय केलं असतं?"

मला सांगता आलं नाही. कारण मालिकेने ते ठरवलंच नाही. कोरा तिथे नव्हती, तिला काही करावंच लागलं नाही, सगळं परस्पर मिटलं.

हा परस्पर शब्द मला तुमच्यासमोर ठेवायचाय. व्हिलनने व्हिलनला मारायचं, परस्पर, म्हणजे हिरोला मारावं लागत नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. किती सीझनचे शेवट तुम्ही असे केलेत ते आठवून बघा. हिरो दोन भाग आधी ओरडून सांगतो की मी मारणार नाही, मी त्यांच्यासारखा नाही, आणि आम्ही श्वास रोखून बसतो की आता हा काय करणार, व्हिलन जिवंत राहिला तर अजून शंभर माणसं मारेल, मारला तर ह्याचा शब्द गेला, आणि नेमक्या त्या क्षणी मागून कुणीतरी तिसरा येतो आणि सुरा खुपसतो. हिरो दचकून बघतो. संपलं. पुढच्या भागात तो पुन्हा तितकाच स्वच्छ.

आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, सुंदोपसुंदी. सुंद आणि उपसुंद, दोघे असुर भाऊ, वर असा की एकमेकांशिवाय दुसऱ्या कुणाच्याही हातून मरण नाही. मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून तिलोत्तमा घडवून घेतली, तिला त्यांच्यासमोर पाठवलं, आणि तिच्यापायी दोघे भाऊ गदा घेऊन एकमेकांवर धावले आणि दोघेही मेले. म्हणजे ही युक्ती तुमची नाही, फार जुनी आहे, आणि मला युक्तीबद्दल तक्रारही नाही. पण त्या गोष्टीत एक गोष्ट कुणी लपवत नाही, तिलोत्तमा कुणी पाठवली ते. देवांनी बसून ठरवलं, देवांनी पाठवलं, मेले ते देवांच्या इच्छेने मेले, सगळं उघड. तुमच्या मालिकेत तिलोत्तमा पाठवलेली असतेच, तुम्हीच पाठवलेली असते, पण हिरोने तिच्याकडे बघायचंच नाही आणि आम्हीही बघायचं नाही असा तुमचा आग्रह असतो. मला खुपतं ते हे.

ऍरो या मालिकेचं उदाहरण घेते, कारण त्यात हे अगदी उघड्यावर दिसतं. पहिल्या सीझनमध्ये हिरो ऑलिव्हर क्वीन बाण मारून माणसं मारतो, सरळ मारतो. दुसऱ्या सीझनमध्ये तो ठरवतो की आता कुणाला मारायचं नाही, मेलेल्या मित्राची आठवण म्हणून. फार चांगला विषय. आणि नोव्हेंबर २०१३ च्या एका भागात त्याच्या सहकारी फेलिसिटीचा जीव धोक्यात येतो तेव्हा तो काउंट व्हर्टिगो या व्हिलनला बाण घालून मारतो, स्वतःच्या हाताने, आणि त्याचा शब्द मोडतो. मी तेव्हा सोफ्यावर ताठ बसले होते. हे खरं होतं. त्याने निवडलं, आणि निवडलेलं त्याच्या अंगावर आलं.

आणि आता त्याच सीझनचा शेवट बघा, मे २०१४. सेबॅस्टियन ब्लड, ज्याने शहर उद्ध्वस्त करायला मदत केली, त्याला पश्चात्ताप होतो, तो शत्रूच्या फौजेची अचाट ताकद उतरवणारं औषध ऑलिव्हरच्या हवाली करतो, आणि थोड्याच वेळात स्लेडची साथीदार इझाबेल रोशेव्ह त्याला तलवारींनी भोसकते. मग इझाबेल. तिची मान मोडते ती नीसा, मारेकऱ्यांच्या संघटनेच्या म्होरक्याची मुलगी. राहता राहिला स्लेड, मुख्य व्हिलन, त्याला ऑलिव्हर जिवंत पकडतो आणि बेटावरच्या कोठडीत टाकतो, आणि आम्हाला सांगितलं जातं की बघा, तो आता खरा हिरो झाला, त्याने मारलं नाही. अहो पण ती मारेकऱ्यांची फौज त्याच्याच बाजूने लढत होती ना! ती लढायला आली म्हणजे माणसं मारणार हे त्याला माहीत होतं, तिथल्या तिथे वाद पण झाला होता यावरून. मग नीसाने मोडलेली मान कुणाच्या खात्यात? एक वाक्य लिहायचं होतं, फक्त एक वाक्य, की ऑलिव्हर म्हणतो, मी मारलं नाही पण मी मारू दिलं. त्या एका वाक्याने अख्खा सीझन उभा राहिला असता.

मला माहितीये तुम्ही असं का करता. मुलं बघत असतात, चॅनलचे नियम असतात, काय दाखवायचं काय नाही ते तपासणारे स्टँडर्ड्सवाले असतात, आणि हिरो हा नुसता माणूस नसतो, तो डब्यावर, दप्तरावर, टीशर्टवर छापलेला असतो, त्याच्या हाताला रक्त लागलं तर पुढे कितीतरी गोष्टी अडतात. अगदी सुरुवातीच्या, १९३९-४० च्या गोष्टींत बॅटमन माणसं मारायचा, मग संपादकांनी ते बंद केलं, आणि तो नियम पुढे त्या पात्राचा कणा झाला. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सची आचारसंहिता आली, तिच्यात सरळ लिहिलं होतं की प्रत्येक वेळी चांगल्याचा विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे. आता तुम्हीच बघा, हिरोने मारायचं नाही आणि व्हिलन सुटायचाही नाही, दोन्ही बाजूंनी दोर बांधलेला, मग मधून जायला वाट एकच उरते, की व्हिलनला शिक्षा दुसऱ्या व्हिलनने द्यायची किंवा त्याने स्वतःच कड्यावरून पाय घसरून पडायचं. म्हणजे ही सवय कुठून आली ते कळतं. पण ते दोर आता कधीचेच सैल झालेत आणि सवय मात्र तशीच आहे.

आणि असंही नाही की अडचणीत सापडलेला लेखक काही करूच शकत नाही. डॉक्टर हू बघा, १९७५ ची जेनेसिस ऑफ द डेलेक्स. डॉक्टरच्या हातात दोन वायरी आहेत. एकमेकांना लावल्या की डेलेक, म्हणजे त्या मालिकेतले सगळ्यात क्रूर शत्रू, जिथे वाढवले जातायत ती खोली उडणार, पुढे होणारा सगळा संहार जन्माआधीच संपणार. आणि तो थांबतो. मोठ्याने विचारतो, मला हा हक्क आहे का? एखादं मूल दाखवून कुणी सांगितलं की हे मोठं होऊन राक्षस होणार, हुकूमशहा होणार, तर त्या मुलाला मारशील का? त्याची सोबतीण सारा शेजारी उभी राहून म्हणतेय, अरे कर, आणि तो वायरी धरून तसाच उभा. मी हा सीन कितीदा पाहिलाय सांगता येणार नाही. त्या दोन हातांमध्ये वीतभर अंतर असेल, आणि त्या वीतभर अंतरात सगळं आहे, तुमचा सगळा धंदा आहे, अक्षरशः.

पण खरं सांगायचं तर त्याच मालिकेने पुढे तीच पळवाट घेतली. डॉक्टर नंतर मन घट्ट करून परत येतो, वायरी जोडायच्याच म्हणून येतो, आणि तेवढ्यात पाठलाग करणारा एक डेलेक त्या वायरींवरून जातो, सर्किट पूर्ण होतं, स्फोट. डेलेकनेच डेलेकांना उडवलं. आणि डेलेक बनवणाऱ्या डाव्हरॉसवर शेवटी त्याचेच डेलेक गोळी झाडतात. म्हणजे इतका मोठा प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा चाक वायरीवरून गेलं. तरी मी या गोष्टीला माफ करते, कारण तो प्रश्न आधी पूर्ण विचारला गेला, डॉक्टर ठरवून परत आला हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. प्रश्न विचारायच्या आधीच चाक फिरवलं असतं तर तो भाग आज कुणाच्या लक्षातही नसता.

अजून एक. व्हिलनने व्हिलनला मारलं की ती पळवाटच असते असं माझं अजिबात म्हणणं नाही, हे नीट सांगते नाहीतर गैरसमज होईल. गेम ऑफ थ्रोन्समध्ये २०१४ साली जॉफ्री या क्रूर राजाला त्याच्याच लग्नात विष दिलं जातं, देणारे लिटलफिंगर आणि ओलेना, दोघांच्याही मनात स्वतःचा हिशोब. पण त्या विषाने कुणाची सुटका झाली? टिरियन पकडला गेला, सान्साला रातोरात पळावं लागलं, पुढचे कितीतरी भाग त्या एका पेल्यातून निघाले. स्मॉलव्हिलमध्ये २००८ मध्ये लेक्स आपल्या बापाला, लायनलला, खिडकीतून ढकलतो, आणि ती गोष्ट क्लार्कला, म्हणजे हिरोला, वाचवायला लिहिलेली नाही, लेक्स आता परत येणार नाही हे सांगायला लिहिलीय. अशा मरणांना मी कधी पळवाट म्हणणार नाही. फरक कळायला सोपा आहे. त्या मरणानंतर गोष्ट अवघड होते की सोपी होते एवढंच बघायचं.

आता मला जे सगळ्यात जास्त लागतं ते सांगते. तुमचं हे घाणेरडं काम करतो कोण? बहुतेक वेळा तोच, जो नुकताच सुधारलेला असतो. टारलॉक. सेबॅस्टियन ब्लडने मारलं नाही, पण चूक कबूल केली आणि लगेच मेला. डॉक्टर हूमध्ये २०१७ ला मिसी, जी आयुष्यभर डॉक्टरच्या मुळावर उठलेली, ती शेवटी ठरवते की मी त्याच्या बाजूने जाऊन उभी राहणार, त्यासाठी स्वतःच्याच जुन्या रूपाला, मास्टरला (डॉक्टरच्या जातीची माणसं मरताना नवं शरीर घेऊ शकतात), सुरा मारते आणि तो जाता जाता तिला मारतो. दोघं हसतात आणि मरतात. ती चांगली झाली हे डॉक्टरला कळतसुद्धा नाही. मला ते पाहून रडू आवरलं नव्हतं, आणि लेखकाने ते जाणूनबुजून तसंच लिहिलंय म्हणून तिथे ते शोभतं. पण एरवी काय दिसतं, की वाईट माणूस सुधारला की त्याचा उपयोग एकदाच, दुसऱ्या वाईट माणसाला घेऊन मरायचं. जगून दाखवायची पाळी त्याच्यावर येतच नाही. रोज सकाळी उठून आपण केलेल्याचं ओझं घेऊन लोकांमध्ये वावरायचं, माफी मागायची, ती मिळायची नाही, तरी राहायचं, हे केवढं नाट्य आहे आणि तुम्ही ते स्फोटात उडवून टाकता. आणि आमच्या मुलांना त्यातून काय दिसतं, की चूक झालेल्या माणसाला परत यायचा रस्ता एकच, मरण. हे मला मान्य नाही, अजिबात नाही.

करणाऱ्यांनी करून दाखवलंय. बफी द व्हँपायर स्लेअर, मे २००१, पाचव्या सीझनचा शेवट. ग्लोरी ही नरकातली देवी एका साध्या तरुण माणसाच्या, बेनच्या शरीरात राहते. बफी तिला मारून मारून अर्धमेली करते आणि तेवढ्यात समोर ग्लोरी नाही, बेन पडलेला असतो, रक्ताळलेला, माणूस. बफी त्याला सोडते आणि बहिणीला वाचवायला धावते. मग जाइल्स येतो, तिचा गुरू, चष्मेवाला, पुस्तकातला माणूस, व्हिलन नव्हेच. बेनशेजारी गुडघ्यावर बसतो. अगदी हळू आवाजात त्याला समजावतो की बफी तुला कधीच मारू शकणार नाही, आणि त्याची किंमत ती आणि जग दोघंही मोजतील, हे तिलाही माहितीये, ती हिरो आहे, आपल्यासारखी नाही. आणि बोलता बोलता हात त्याच्या नाकातोंडावर ठेवतो.

बघा, युक्ती तीच आहे! हिरोऐवजी दुसऱ्याने मारलं. पण इथे लेखकाने ती युक्ती उचलून आमच्या तोंडासमोर धरली. हिरोचे हात स्वच्छ राहावेत म्हणून कुणाचे तरी हात खराब होतात आणि ते कुणाचे, हे आम्हाला जवळून दाखवलं. त्याच भागात आधी बफी आणि जाइल्सचं कडाक्याचं भांडण झालेलं असतं, जग वाचवायला एका निष्पाप मुलीला मरू द्यायचं का यावर. म्हणून तो हात आभाळातून पडत नाही. आपल्याकडे युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, आणि नरो वा कुंजरो वा म्हटल्यावर खाली टेकला असं सांगतात. बफीचा रथ वरच राहिला, पण तो कुणी खांद्यावर धरून ठेवलाय हे आम्हाला दिसलं.

किंवा २००७ चा डॉक्टर हू घ्या. मास्टर हरलाय, डॉक्टर त्याला माफ करतो, सांभाळायची जबाबदारी घेतो, आणि मास्टरची बायको लूसी त्याला गोळी घालते. परस्परच मेला की! पण डॉक्टर त्याला मांडीवर घेऊन अक्षरशः विनवतो की मरू नकोस, आणि तो नवं शरीर घ्यायचं नाकारतो, जिंकायचं म्हणून मरतो. डॉक्टर सुटला नाही, आपल्या जातीचा एकटा उरला. किंवा जेसिका जोन्स, २०१५, तिथे तर तिसरा हात आणलाच नाही, जेसिका स्वतः किलग्रेव्हची, मुख्य व्हिलनची, मान मोडते, आणि दुसऱ्या सीझनभर ती आपण खुनी आहोत का या प्रश्नासोबत जगते. कुठे बिघडलं? उलट तिच्यावर माझा जास्त जीव आहे.

त्यामुळे माझं मागणं फार नाही. हिरोने मारावं असं मी म्हणत नाहीये, न मारणारा हिरो मला मनापासून हवाय, त्याच्याशिवाय मी मालिका बघणारच नाही कदाचित. पण न मारणं हे त्याचं काम असू दे, त्याचं नशीब नको. दुसऱ्या व्हिलनचा सुरा निघाला तर हिरोला त्याच खोलीत ठेवा, आणि त्याला तो सुरा अडवता येईल इतका वेळ द्या. अडवला तर तेही दाखवा, आपल्या शत्रूला वाचवायला धावणारा हिरो किती कमी वेळा बघायला मिळतो. नाही अडवला तर त्याच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलवू नका, आणि पुढच्या भागात कुणीतरी त्याला विचारू दे. विचारणारं पात्र नसेल तर एखादं लहान मूल लिहा, मुलं बरोबर विचारतात.

भाच्याचं राहिलंच. दोन दिवसांनी जेवताना तो आपणहून बोलला, म्हणजे त्याच्या डोक्यात ते चालूच होतं. म्हणाला, कोराला शेवटी आंगकडून, म्हणजे तिच्या आधीच्या अवताराकडून, ती शक्ती मिळते ना, लोकांची गेलेली शक्ती परत देण्याची, मग तिला काढून पण घेता येईल, आंगने नाही का आमोनच्या बाबांची काढून घेतली होती, तशी ती आमोनची काढू शकली असती. मी म्हटलं, हो रे, शकली असती. मग घास हातात तसाच धरून थांबला आणि म्हणाला, "पण मग तिने तेच केलं असतं ना, जे तो सगळ्यांना करत होता?"

ती बोट उडाली नसती तर हा सीन तुम्हाला लिहावा लागला असता. आम्हा दोघांनाही तो बघायचा होता.

तुमची एक बघणारी